पगारी पॅलाडिन: आशीर्वादाच्या दरावरून अडलेला एक खेळ

पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, नेमाने खेळणारी टेबलं मोजकीच, आणि ती एकमेकांना ओळखून आहेत. त्यातलं एक राजारामपुरीत, एका खासगी क्लासच्या खोलीत रविवारी संध्याकाळी भरतं. बाकं जोडायची, फळ्यावर नकाशा काढायचा आणि फासे टाकायचे. मी दुसरं टेबल चालवतो. इथला खेळ अडला तेव्हा मला तिऱ्हाईत म्हणून बोलावलं, आणि प्रकरण मिटल्यावर सगळ्यांनी आपापल्या वह्या हातात दिल्या. लिहायला कुणाची हरकत नाही, नावं तेवढी नकोत. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. खेळातले आकडे होते तसेच ठेवलेत, कारण सगळं भांडण आकड्यांवरूनच झालं.

माणसं पाच. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, गणिताचे क्लास घेतो. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात, खेळतानाही. पॅलाडिन खेळणारा शिरोलीच्या एका फाउंड्रीत कॉस्टिंग बघतो. क्लेरिक, म्हणजे देवाचे मंत्र जाणणारी पुजारीण, खेळणाऱ्या ताई नर्स आहेत, वयाने सगळ्यांत थोरल्या. चोर खेळणारा पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जादूगार खेळणारा ज्युनिअर वकील; तो बोलतो कमी, पण बोलला की मुद्द्याचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. तलवार चालवतो, हात लावून जखमा बऱ्या करतो, थोडे मंत्रही जाणतो. खेळात तो आला १९७५ च्या पुरवणी पुस्तकात. १९७८ च्या नियमांत त्याच्यावर पैशाची बंधनं कडक होती. मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, साधेपणाने जगण्यापुरतं ठेवून बाकीचं देऊन टाकायचं, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की शक्ती गेली ती कायमची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळं निघून गेलं. आता असते ती शपथ. आपल्या माणसाने घेतलेली शपथ भक्तीची. तिची पाच कलमं म्हणजे प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, सन्मान आणि कर्तव्य. पैशाबद्दल तिच्यात चकार शब्द नाही. हे टेबल २०१४ च्या नियमांनी खेळतं, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. २०२४ च्या सुधारित नियमांत हात लावून रोग बरा करण्याची सोयच काढली आहे. त्या नियमांनी खेळले असते तर हा धंदा उभाच राहिला नसता.

काय घडलं

गोष्टीतलं गाव नदीकाठचं, नुकताच पूर ओसरलेलं. सरांनी २०१९ चा ऑगस्ट इथेच काढलेला, त्यामुळे गावाच्या बंधाऱ्यावर त्यांनी ३९ आणि ४३ फुटांच्या खुणा रंगवून ठेवल्या होत्या. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी आणि धोका पातळी. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाणी उतरल्यावर येतं ते दुखणं. गावात तापाची साथ सुरू झाली होती.

पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलची. आदल्या सेशनला चोर मरता मरता वाचला. क्लेरिककडे मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवण्याचा मंत्र आहे, पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो आधीपासून झोळीत असावा लागतो. झोळीत हिरा नव्हता आणि तो घेण्याइतके पैसेही नव्हते. तेव्हा पॅलाडिनवाल्याने लॅपटॉप उघडला आणि फाउंड्रीत कास्टिंगचा दर काढतात तसा आशीर्वादाचा दर काढला.

त्याचं कोष्टक मी पाहिलं आहे. काम चोख. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे हात लावून बरं करण्याचे रोज २५ गुण असतात. एक रोग घालवायला ५ गुण, म्हणजे दिवसाला पाच रोगी. पहिल्या-दुसऱ्या पातळीचा साधा मंत्र गावात करून घ्यायचा तर १० ते ५० नाणी पडतात, असं पुस्तकातच छापलेलं. त्याने खालचा आकडा धरला: १० नाणी दर, रोजचे ५०. मग ‘ब्लेस’, म्हणजे आशीर्वादाचा मंत्र. पहिल्या पातळीचे चार स्लॉट, म्हणजे दिवसात चारदा मंत्र टाकायची मुभा, प्रत्येकी तीन माणसं. दुसऱ्या पातळीचे दोन, प्रत्येकी चार. एकूण वीस माणसं, २ नाणी दराने ४०. दोन्ही मिळून दिवसाला ९०. पवित्र जलाचा रकाना त्याने आखला आणि खोडला, कारण कुपीला २५ नाण्यांची चांदीची पूड लागते आणि कुपीचा बाजारभाव २५ च आहे. शेजारी शेरा: ‘मार्जिन शून्य’.

सर जरा घुटमळले तेव्हा तो म्हणाला, “सर, ह्यात पाप कुठं आलं? पुस्तकातच रेट छापलाय. आणि मी तर खालचा लावलाय.”

सरांनी होकार दिला. चोराच्या अंगात उत्साह संचारला. देवळाच्या ओवरीत रांग लागली आणि त्याने टोकनं वाटायला सुरुवात केली. पोरगा हौशी. पुढच्या रविवारी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर स्केचपेनने आकडे घालून खरीखुरी टोकनंच घेऊन आला. दोन टोकनांवर ‘व्हीआयपी’ लिहिलेलं. टेबल हसून लोटपोट झालं, आणि माझ्या मते गाडी रुळावरून घसरायला तिथेच सुरुवात झाली, कारण त्यानंतर तो काय बोलून टोकन विकतोय याकडे कुणी कान दिला नाही. बैल बाजाराला नेणाऱ्याला म्हणे, चांगला भाव येईल. नावाड्याला म्हणे, आज नाव बुडायची नाही.

चार दिवसांत ३६० नाणी जमली. हिरा आला, ६० उरली. इथे थांबायला हवं होतं का? तसा प्रश्नच कुणी विचारला नाही. पॅलाडिनच्या अंगावर साखळ्यांचं चिलखत होतं आणि पूर्ण पोलादी चिलखताची किंमत १५०० नाणी. कोष्टकात नवीन रकाना आला. धंदा आणखी दोन दिवस चालला.

अडचण

याच ओवरीत दुसरी रांग होती. ताईंच्या क्लेरिककडे दुसऱ्या पातळीचे तीन स्लॉट, म्हणजे दिवसाला तीन रोगी. त्या फुकट बरे करत होत्या. सहाव्या दिवशी पॅलाडिनच्या रांगेतला एक गिरणीवाला ही रांग सोडून त्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि तोंडाला तोंड लागलं.

“ताई, तुम्ही फुकट वाटाय लागला तर माझ्याकडं कोण येणार?”

“तुझ्याकडं यायला पन्नास दिवसांची मजुरी कुठनं आणायची ते सांग आधी.”

ताईंनी हिशोब केलेला होता. अकुशल मजुराची रोजची मजुरी पुस्तकात २ चांदीची नाणी दिली आहे. १० सोन्याची म्हणजे १०० चांदीची. पन्नास दिवस. कोष्टकवाल्याच्या कोष्टकात हा भागाकार नव्हता.

पुढचं बोलणं पात्रांचं राहिलं नाही. ताई दिवसभर वॉर्डात उभं राहून आल्या होत्या, आणि पैसे भरल्याशिवाय आत घेणार नाही हे वाक्य त्यांनी खऱ्या आयुष्यात पुरेसं ऐकलं आहे, असं त्यांनी सुनावलं. पॅलाडिनवाला म्हणाला, मला खऱ्या दवाखान्याचं कशाला ऐकवता, हा खेळ आहे. चोर म्हणाला, लई ताणू नका. सरांनी वह्या मिटायला सांगितल्या. त्या रात्री सरांनी मला मेसेज केला: पुढच्या रविवारी पॅलाडिनची शक्ती काढून घेतोय, बरोबर आहे ना?

विचारात घेतलेले पर्याय

शक्ती काढून घेण्याला १९७८ चा आधार आहे, आणि गोष्ट म्हणून त्याचा थाटही आहे: देव कोपला, हातातलं तेज विझलं. मी त्याला ठाम विरोध केला. पॅलाडिनला शिक्षा म्हणून दिवसाचे २५ गुण गेले तर गावातले पाच रोगी गेले. दंड कुणाला आणि भरतोय कोण! दुसरी गोष्ट, हा डीएम सगळ्यांचा ‘सर’ आहे. त्याने शक्ती काढली की ती देवाने काढली असं टेबलाला वाटत नाही; सरांनी मार्क कापले असं वाटतं. ज्या टेबलावर डीएमला नावाने हाक मारतात तिथे ही अडचण कदाचित आली नसती.

सरळ बंदी घालावी, इथे आशीर्वाद विकायचे नाहीत, हा दुसरा विचार. तो वकिलाने मोडीत काढला. सरांनी सहा दिवस चालू दिलं, दर ऐकून मान डोलावली. आता मागल्या तारखेपासून गुन्हा ठरवता येत नाही.

तिसरा पर्याय सरांच्या आवडीचा. पॅलाडिनच्या धर्मसंघाचा माणूस गावात यावा आणि त्याने मिळकतीचा दहावा हिस्सा मागावा. सरांनी टेम्पलर संघाचा दाखला दिला. बाराव्या शतकातले हे खरेखुरे धर्मयोद्धे. प्रत्येकाची शपथ निर्धनतेची आणि संघ गडगंज. यात्रेकरूने एका ठाण्यावर पैसे ठेवायचे आणि चिठ्ठी दाखवून दुसऱ्या ठाण्यावर उचलायचे, इथवर त्यांची सावकारी गेली होती. त्यांचा कर्जदार असलेल्या फ्रान्सच्या राजाने १३०७ मध्ये त्यांना पकडलं आणि १३१२ मध्ये पोपने संघ मोडला. गोष्ट झकास आहे, पण आपल्या अडचणीला तिचा उपयोग नाही. संघाने हिस्सा घेतला की दर पक्का झाला, वर शिक्कामोर्तब झालं. मजुराचे पन्नास दिवस तसेच.

चौथा: गावात स्वस्त दराचा दुसरा भगत आणायचा आणि बाजारालाच न्याय करू द्यायचा. यावर ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, की मग मी रविवारी झोपा काढते.

घोळात सगळे पर्याय अडकले होते, कारण सगळे ‘आशीर्वाद विकणं’ अशी एकच गोष्ट धरून बोलत होते. मी सरांना कोष्टकाच्या ओळी सुट्या करायला सांगितल्या. रोग बरा करणं ही खरी सेवा आहे. ताप उतरतो आणि उतरलेलाच राहतो. तिची किंमत जास्त की कमी एवढाच वाद. ‘ब्लेस’चं तसं नाही. तो मंत्र फक्त एक मिनिट टिकतो. त्या मिनिटात हल्ल्याच्या फाशात आणि संकटातून वाचण्याच्या फाशात चार बाजूंच्या फाशाची भर पडते. सौद्यात, बाजारभावात, परीक्षेच्या पेपरात त्याचा कवडीचा उपयोग नाही. शिवाय त्यासाठी एकाग्रता लागते. पॅलाडिनने पुढच्या तिघांवर मंत्र टाकला की आधीच्या तिघांवरचा तिथल्या तिथे विरतो. देवळातून घाटावर जायला सरांच्या नकाशात एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. नावाड्याने पाण्यात वल्हं घालण्याआधीच त्याचा आशीर्वाद संपलेला होता.

वकील इथे बोलला, आणि प्रकरण वळलं ते त्याच्या बोलण्यावर. आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं, असं एक कलम आहे. खेळातल्या जगात चमत्कार तथाकथित नाही, खरा आहे; त्यामुळे कलमाचा पहिला भाग तिथे गळून पडतो. फसवणुकीचा भाग मात्र जिथल्या तिथे उभा राहतो. ताप उतरवून १० नाणी घेणारा पॅलाडिन फार तर लोभी म्हणता येईल. बैलाला भाव येईल म्हणून ‘ब्लेस’ विकणाऱ्याने शपथेचं पहिलंच कलम मोडलं आहे, प्रामाणिकपणाचं. फक्त ते बोलला चोर. तेव्हा प्रश्न उरतो तो एकच: पॅलाडिनला ते माहीत होतं का?

पाचवा पर्याय चोर खेळणाऱ्या पोराने काढला, आणि तो कोल्हापुरातच निघू शकत होता. इथे विधी, पुजारी आणि दक्षिणा हे विषय घराघरात बोलले जातात. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेलं वेदोक्त प्रकरण शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतं, आणि अंबाबाईच्या मंदिरात पगारी पुजारी नेमण्याचा कायदा विधिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केला तेव्हा त्यावर चहाच्या गाड्यांवर झालेल्या चर्चा या पोरांनी ऐकलेल्या आहेत. तो पोरगा म्हणाला, “सर, मग ह्याला पगारी करा की. गावानं पगार द्यायचा, रांगेत कुणी पैशे काढायचे न्हाईत.”

प्रत्यक्षात काय केलं

सरांनी एक रविवार खेळ बंद ठेवला. पॅलाडिनवाल्याला एकट्याला भेटून पोलादी चिलखताचा हट्ट का, हे विचारलं. उत्तर साधं निघालं. गेल्या तीन लढायांत पुढच्या फळीत तोच पडला होता. बाकीचे मागे उभे राहून बाण आणि मंत्र टाकतात, मार हा खातो. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लोभ म्हणून जे दिसत होतं त्यातलं निम्मं भय होतं.

पुढच्या सेशनला ओवरीच्या पायरीशी एक नावाडी आला. जिवंत, पण कमरेपर्यंत भिजलेला. नाव भोवऱ्यात कलंडली, धान्याची चार पोती गेली. सरांनी आरडाओरड केली नाही, देवाचा आवाज काढला नाही. त्यांनी पोराने बनवलेलं एक पुठ्ठ्याचं टोकन उचललं आणि पॅलाडिनवाल्याच्या वहीवर ठेवलं. आकडा होता १४. “माझी दोन नाणी परत द्या, महाराज.”

“देतो,” पॅलाडिनवाला लगेच म्हणाला.

“भावा, एकाला दिलंस तर सगळं गाव उभं राहील,” चोर कुजबुजला.

तेव्हा सरांनी विचारलं, “हा काय सांगून टोकन विकत होता, ते तुझ्या पॅलाडिनला ऐकू जात होतं का?”

या प्रश्नासाठी फासे टाकायचे नाहीत, असं सरांनी आधीच ठरवलं होतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय. फासा टाकला असता तर उत्तर नशिबाचं झालं असतं. ‘तू ऐकलंस’ असं सरांनी जाहीर केलं असतं तर ते सरांचं झालं असतं. खेळणाऱ्याने दोन्ही कोपरं बाकावर टेकली, टोकन उलटंपालटं केलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटला असता, आणि कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. तो म्हणाला, “येत होतं. रांग माझ्यापासनं दहा पावलांवर होती.”

आता शपथ मोडली, हे त्याने स्वतःच कबूल केलेलं. २०१४ च्या पुस्तकात अशा वेळची वाट दिलेली आहे: त्याच देवाच्या क्लेरिकपुढे किंवा त्याच संघाच्या पॅलाडिनपुढे कबुली, रात्रभर जागून प्रार्थना किंवा उपास, मग क्षमा. पश्चात्तापच नसेल तरच डीएमने पॅलाडिनपण सोडून पात्राचा वर्ग बदलायला लावायचा. त्याच देवाची क्लेरिक गावात एकच होती आणि ती ताईंची. वातावरण जरा गमतीचं झालं. पॅलाडिनवाल्याने कबुली दिली, ताईंनी ऐकून घेतली आणि प्रायश्चित्त सांगितलं: उपास कर, जागरण कर, आणि उद्यापासून रांगेत पुढे कोण हे मी ठरवणार. ज्याचा ताप जास्त तो पुढे.

परतफेडीचा हिशोब कोष्टकातूनच निघाला. सहा दिवसांत रोग्यांकडून आलेले ३००, ‘ब्लेस’चे २४०. हिरा ३०० चा आणि शिल्लक २४०. म्हणजे हिरा औषधपाण्याच्या पैशात आला आणि फसवणुकीचे पैसे जसेच्या तसे पेटीत पडून होते. आकडे जुळल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तो पाहण्यासारखा होता, असं वकील सांगतो. पैसे मागायला सगळे आले नाहीत. उरलेल्यातून नावाड्याची पोती भरून दिली.

मग पगार. गावच्या पंचमंडळींनी कुशल कारागिराचा पुस्तकी दर देऊ केला: दिवसाला २ नाणी. रोजच्या ९० वरून २. पॅलाडिनवाल्याने तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि सांगितलं, चिलखताला ७५० दिवस लागतील. तरीही घेतला. चिलखताचा प्रश्न मात्र पार्टीने सोडवला नसता तर हे टिकलं नसतं. वकिलाच्या जादूगाराने पुढच्या लढाईपासून पुढच्या फळीत मायावी आडोसे उभे करायचं कबूल केलं.

निष्पत्ती

साथ आटोक्यात आली. दिवसाला आठ रोगी, पाच त्याचे आणि तीन ताईंचे, एकाच रांगेतून. खेळ पुन्हा सुरू झाला आणि अजून चालू आहे. चोराने टोकनांचा धंदा सोडलेला नाही. फक्त आता ती फुकट आहेत आणि त्यांवर तापाचा अंदाज लिहिलेला असतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. प्रकरण मिटल्यावर सरांनी वही दाखवली; डीएम आपले फासे आणि नोंदी ज्या पडद्याआड ठेवतो, त्यामागची. त्या सहा दिवसांत फुकट रांगेत नंबर न लागलेले चौघे मेले होते. सरांनी रोज संध्याकाळी त्यासाठी फासे टाकले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ताई भडकल्या. पॅलाडिनवर नव्हे, सरांवर. “मला कळलं असतं तर पहिल्या दिवशीच उठून उभी राहिले असते.” त्या पुढचे काही रविवार आल्या नाहीत. ड्युटी होती असं त्या म्हणतात. परत आल्या आहेत, पण सरांचा पडदा आता त्यांना खपत नाही; साथीसारख्या गोष्टीचे फासे सगळ्यांसमोर पडले पाहिजेत अशी त्यांची अट आहे आणि ती मान्य झाली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चौघांची नोंद वहीत ठेवून टेबलावर न आणणं, हा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. सरांची बाजू अशी, की परिणाम आधीच दाखवले तर खेळाडू परिणाम पाहून वागतात, स्वभावाने वागत नाहीत. मला हे पटत नाही. ओवरीत बसलेल्या धर्मयोद्ध्याला समोरच्या रांगेतली चार माणसं उद्या दिसली नाहीत हे कळणारच. आठ बाय दहाच्या ओवरीत मरण लपत नाही. रोज संध्याकाळी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी जागा म्हणजे ३६० चा दिवस. हिऱ्यासाठी पैसे जमवायला सगळ्यांची, ताईंचीही, मूक संमती होती. हिरा ताईंच्याच मंत्राला लागणार होता. उद्दिष्ट पुरं झालं त्या क्षणी ‘आता पुढे काय’ हे विचारायचं काम एकट्या पॅलाडिनवाल्याचं नव्हतं. इथे मला ताईंशीही थोडा वाद घालावासा वाटतो. पहिले चार दिवस त्यांना दर खटकला होता, पण हिरा हवा होता. सहाव्या दिवशी त्या ज्या पन्नास दिवसांच्या मजुरीबद्दल बोलल्या ती पहिल्या दिवशीही पन्नास दिवसांचीच होती.

पुस्तकातला १० ते ५० चा दर हा तिसरा मुद्दा. तो साहसी मंडळींच्या खिशाकडे पाहून छापला आहे. गुहेतून पोतं भरून सोनं आणणारे लोक शहरात मंत्र विकत घेतात तेव्हासाठी. तोच दर गावकऱ्याला लावला की काय होतं हे मजुरीच्या तक्त्याशेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि पुस्तकात हे दोन आकडे ताडून दाखवलेले नाहीत. ज्याला आपल्या टेबलावर दुकान मांडू द्यायचं आहे त्याने ते आधी शेजारी मांडावेत. आमच्या टेबलावर मी आता तसं केलं आहे. खेळाडूंनी तो कागद अजून उघडून पाहिलेला नाही, तो भाग वेगळा.

गेल्या महिन्यात पार्टी सहाव्या लेव्हलला गेली. सहाव्या लेव्हलच्या पॅलाडिनभोवती दहा फुटांपर्यंत आपोआप संरक्षणाचं वलय असतं. त्याला स्लॉट लागत नाही आणि ते मिनिटाने संपतही नाही. पॅलाडिन शुद्धीवर असेतो त्या दहा फुटांत उभ्या असलेल्या प्रत्येक मित्राला त्याचा लाभ मिळतो. नियम वाचून झाल्यावर चोर खेळणाऱ्या पोराने विचारलं, की गर्दी असली तर दहा फुटांत साधारण किती माणसं उभी राहतात. ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कोष्टकवाल्याने लॅपटॉप उघडला होता. उत्तर काढलं आहे की नाही ते अजून त्याने सांगितलेलं नाही.